रेघेकाकांची दोन बाजूंची गाडी

रेघेकाकांचं खरं नाव त्यांच्या बायकोलाही जरा आठवूनच सांगावं लागे. गाडीच्या पुढच्या दिव्यापासून मागच्या दिव्यापर्यंत, पट्टी न लावता, एका श्वासात सरळ रेघ ओढणारा आसपास दुसरा रंगारी नव्हता. श्वास रोखला की काका टोमॅटोसारखे लाल होत, आणि रेघ संपली की असा सुस्कारा सोडत की शेजारचा टायरवाला न बघताच म्हणे, "झाली वाटतं."

त्यांचा एक नियम होता. दोन रंग जिथं भेटतात तिथं मध्ये रेघ हवीच. "नाहीतर सांधा दिसतो," ते सांगत. "रेघ म्हणजे काय, चुकीवरचं पांघरूण."

या रेघेच्या कौतुकापायीच ते एकदा फसले. त्यांचा जुना दोस्त सुतार गेला आणि फर्निचरचा कारखाना त्याच्या दोन मुलांकडे आला. सहा महिन्यांत एका रंध्यावरून दोघांचं असं बिनसलं की बोलणंच बंद. मग कारखान्याची जमीन अर्धी-अर्धी करायचं ठरलं आणि काकांना बोलावणं आलं. नाही म्हणायला हवं होतं. पण भीड भिकेची बहीण. काकांनी दारापासून मागच्या भिंतीपर्यंत पिवळी रेघ ओढली. मुलांची आई चहाचे कप घेऊन दारात उभी होती. रेघेकडे बघून ती म्हणाली, "छान सरळ आलीय हो." काकांना ते शिवीपेक्षा जास्त लागलं. त्या दिवसापासून ते कारखान्याचा रस्ता टाळून लांबच्या वाटेनं घरी जात.

आणि एक दिवस ती माउली स्वतःच त्यांच्या दुकानात आली.

"सगळ्याची वाटणी झाली," ती म्हणाली. "राहिलीय ती यांची पिकअप."

ती पिकअप काकांना चांगली ठाऊक होती. गोल नाकाची, जाड मडगार्डांची, मुलांपेक्षा वयानं मोठी. सुतारानं आयुष्यभर कपाटं तिच्याच हौद्यातून पोचवली होती.

"तिची वाटणी करायची तर करवतच लागेल. म्हणून मी अट घातलीय. आधी गाडी रंगवायची. तुमच्याकडे, हातानं, जुन्या पद्धतीनं. स्टिकर नको. आणि नमुना दोघांनी मिळून एकच ठरवायचा. ठरला, तर निदान तेवढं तरी बोलतील. नाही ठरला, तर गाडी भंगारात आणि तुमच्या त्या रेघेवर भिंत."

'तुमच्या त्या रेघेवर' हे शब्द काकांनी दिवसभर चघळले.

दुसऱ्या दिवशी थोरला रस्त्याकडच्या दारानं आला. भिंतीवरच्या नमुन्याच्या फळ्या बघून म्हणाला, "वर सायीचा रंग, खाली गर्द हिरवा, मध्ये बारीक रेघ. घरंदाज दिसेल."

"धाकट्याला विचारलंस का?"

"त्याला तुम्ही सांगा."

धाकटा भावाची गाठ नको म्हणून मागच्या बोळातून आला. "काका, ज्वाळा. बॉनेटपासून दारापर्यंत. पिवळ्यातून नारिंगी, नारिंगीतून लाल."

"दादाला विचारलंस का?"

"दादाला तुम्हीच विचारा."

आता इथं काकांनी नाही म्हणायचं होतं. पण ज्वाळा काढा असं त्यांना कित्येक वर्षांत कुणी म्हणालं नव्हतं. हात शिवशिवायला लागले. 'नाही' म्हणायला त्यांनी तोंड उघडलं आणि बाहेर पडलं 'बरं'. थोरल्याला तर 'बरं' आधीच म्हणून झालं होतं.

"दोन डगरींवर पाय ठेवताय," काकू म्हणाल्या. "पडाल."

"पडलो तर रंगातच पडेन. इतकी वर्षं काय वेगळं करतोय?"

गाडी दुकानात अशी आडवी उभी होती की तिची एक बाजू रस्त्याकडे आणि दुसरी बोळाकडे. काकांनी मधोमध छतापासून एक जुनी चादर सोडली. "धूळ बसते. पलीकडे जायचं नाही," अशी दोघांनाही ताकीद दिली. रस्त्याकडून हिरवा चढत गेला, बोळाकडून ज्वाळा पसरत गेल्या.

एका संध्याकाळी थोरला हिरव्या दाराकडे बघत बराच वेळ उभा राहिला. "धाकट्यानं ऐकलं म्हणायचं माझं," तो हळूच म्हणाला. "वाटलं नव्हतं."

त्याच आठवड्यात धाकटा ज्वाळांपुढे डोळे चोळत म्हणाला, "दादानं माघार घेतली? लहानपणी या गाडीत खिडकीची जागा सोडली नाही कधी त्यानं."

खरं सांगायला काकांची जीभ रेटेना. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून ते काम करत राहिले आणि बॉनेटच्या मधोमध येऊन अडकले. तिथं हातभर रुंदीचा प्रायमरचा पट्टा तसाच राहिला. नियमाप्रमाणे तिथं रेघ हवी होती. काकांनी ब्रश बुडवला, श्वास रोखला, आणि सोडून दिला. त्यांना भीती वाटत होती. हीसुद्धा सरळच येणार, हे त्यांना माहीत होतं.

मग एके सकाळी थोरल्यानं ठरवलं की धाकट्याला गाठून दोन शब्द चांगले बोलावेत. तो मागच्या बोळातून आला. आणि धाकट्यानंही नेमकं तेच ठरवलं होतं. तो आला रस्त्याकडून. चादरीच्या दोन्ही बाजूंनी एकाच वेळी आवाज आला, "हे काय?"

दोघे बॉनेटपाशी समोरासमोर आले.

"मला नाही म्हणता आलं नाही," काका ब्रश पाठीमागे लपवत म्हणाले. "दोघांनाही. शिवाय ज्वाळा फार वर्षांत काढल्या नव्हत्या."

थोरला धाकट्याकडे वळला. "बाबांच्या गाडीवर हे असलं भडक?"

"आणि तुझी बाजू? दवाखान्याची गाडी वाटतेय."

"निदान ताप चढल्यासारखी तरी दिसत नाही."

यात 'त्याला सांगा' कुठंच नव्हतं, हे सगळ्यांत आधी काकांच्या ध्यानात आलं. धाकट्याला हसू फुटलं. मग थोरल्यालाही आवरेना. काकांना रडू येत होतं, पण प्रसंग तसा नव्हता.

"मध्ये रेघ मारू?" त्यांनी सवयीनं विचारलं.

थोरल्यानं त्या रिकाम्या पट्ट्याकडे पाहिलं. "नको."

"सांधा दिसेल."

"दिसू दे. याच्या दोन-चार ज्वाळा इकडे येऊ द्या. सायीवर उठून दिसतील."

"मग दादाचा हिरवा पण थोडा माझ्याकडे घ्या," धाकटा म्हणाला.

रंग वाळल्यावर आई गाडी न्यायला आली. तिनं दोन्ही बाजूंनी चक्कर मारली आणि पुढच्या सीटवर मधोमध जाऊन बसली. थोरल्यानं चावी घेतली. धाकटा खिडकीशी बसता बसता थांबला.

"काका, जमिनीवरचा पिवळा कशानं निघतो?"

काकांनी थिनरचा डबा काढला, दोन फडकी घेतली. डबा त्याच्या हातात द्यायचा सोडून ते स्वतःच निघाले. पुढं जागा नव्हती, म्हणून हौद्यात चढले आणि डबा मांडीवर घेऊन बसले.

"चला," ते म्हणाले. "जवळच्या रस्त्यानं घे."