येसू हौदाकाठी बसून राहिला

कार्डाच्या माथ्यावर ‘श्री’ नव्हता. वर्गात शुद्धलेखन घालत होतो, तेवढ्यात पोस्टमन दारातूनच ते कार्ड देऊन गेला आणि मजकूर वाचण्याआधीच मी हातातलं पुस्तक मिटलं. वाईट बातमीच्या पत्रावर आपण श्री घालत नाही. दुष्काळी माण तालुक्यातल्या येसूच्या खेड्यातल्या गुरुजींनी दोनच ओळी लिहिल्या होत्या. येसू मुदतीच्या तापानं गेला, शेवटचे तीन दिवस शुद्धीवर नव्हता... मुलांना ‘पुढचं पान उतरून काढा’ म्हणालो आणि खिडकीशी जाऊन उभा राहिलो. पस्तिशीचा गडी! लढाईत त्याला गोळी शिवली नाही, शेजारी बाँब पडला तरी खरचटलं नाही, आणि घरच्या घोंगडीवर तापानं मेला. दैव आंधळं असतं म्हणतात, पण किती आंधळं असावं त्यानं?

त्याला जाऊन आता दीड महिना झाला. असले मृत्युलेख थोरामोठ्यांवर लिहितात, हे मलाही कळतं. येसूला सही येत नव्हती. त्यानं कुठं भाषण केलं नाही, कुठल्या कमिटीवर तो नव्हता. पण मला हे लिहिल्यावाचून गत्यंतर नाही. का, ते वाचकांना पुढं कळेलच; तोवर माझ्या बडबडीला कंटाळू नये एवढंच मागणं.

आम्ही दोघं लढाईत एकाच कंपनीत होतो. मी साताऱ्याचा, फायनल पास झालेला, म्हणून सगळे मला तेव्हापासूनच ‘मास्तर’ म्हणत. शाळेतली नोकरी नंतर लागली, पदवी आधीच चिकटली. कंपनीतल्या निम्म्याअधिक गड्यांची पत्रं मी लिही. कुणाला बैलाची काळजी, कुणाला म्हातारीची. तो सांगेल ते ‘मी’ म्हणून कागदावर उतरवायचं, खाली त्याचा अंगठा घ्यायचा आणि सर्वांत शेवटी ‘पत्र लिहिणाराचा सर्वांस नमस्कार’ ही आपली एक ओळ घालायची, असा रिवाज. येसूच्या बरोबर त्याचा मेहुणा मारुतीही भरती झाला होता. विशीतला, उंचापुरा, कारण नसताना हसणारा. येसूची बायको हौसा ही त्याची थोरली बहीण; आई मागं तिनंच त्याला वाढवलेला. आगगाडी सुटताना तिनं नवऱ्याला एकच गोष्ट बजावली होती, ‘माज्या मारुतीला डोळ्याआड करू नगासा.’ येसूनं ते इतकं मनावर घेतलं होतं, की मारुती परसाकडला गेला तरी हा बाहेर पहाऱ्याला उभा. आम्ही पोट धरधरून हसायचो.

इटलीत असताना एकदा आम्हांला सात दिवसांची रजा मिळाली. समुद्राजवळ कुणा श्रीमंताचं हॉटेल होतं, ते लष्करानं शिपायांच्या आरामासाठी घेतलं होतं. पाठीमागं पोहायचा भला थोरला हौद, निळ्या फरश्या, तळ दिसेल असं पाणी, भोवती कापडी आरामखुर्च्या. पहिल्या दिवशी येसू हौदापाशी गेला, बूट काढले आणि काठावर जो बसला तो बसलाच. पाण्यात काही उतरेना. बाकीचे सूर मारत होते, गोरे शिपाई लाथा झाडत होते, हा नुसता बघत होता. मला म्हणाला, ‘मास्तर, ह्ये पानी कोन पीत न्हाई?’ ‘नाही.’ ‘रानाला तर देत असतील?’ ‘नाही रे बाबा, नुसतं डुंबायला आहे.’ त्यावर त्यानं ओंजळभर पाणी उचललं, परत हौदात सोडलं आणि म्हणाला, ‘लय झालं.’ त्याला काय म्हणायचं होतं, ते मला आजवर उमगलेलं नाही.

माझं म्हणजे पायाला भिंगरी. रोज सकाळी आसपासची गावं दाखवायला एक लॉरी सुटायची, तिच्यात पहिला मी. पुतळे, देवळं, पडके खांब, जुन्या वेशी, दिसेल ते डोळ्यांत भरून घ्यायचं आणि संध्याकाळी येऊन येसूला ऐकवायचं. वर टोमणे. ‘अरे, सरकारनं फुकटात परदेश दाखवला आणि तू म्हशीसारखा पाण्याकाठी बसलास! गावात जाऊन सांगणार काय, इटलीत हौद बघितला?’ तो चिडत नसे. म्हणायचा, ‘मास्तर, दोन वर्सं चालतुया. आज ह्यो डोंगुर, उद्या त्यो डोंगुर. लोकांचा मुलूख लय बगितला, जळताना बगितला. आता जरा बूड टेकू द्या की.’ मला ते पटायचं नाही. अडाण्याला जग दाखवून उपयोग काय, असं मी मनात म्हणत होतो. होय, याच शब्दांत म्हणत होतो. आज ते लिहिताना लाज वाटते, पण लिहितो.

मारुती चार दिवस दाजींच्या शेजारी राहिला, हातपाय मारायला शिकला, खुशीत होता. पाचव्या दिवशी लॉरी नव्हती. समोरच्या टेकडीवर एक पडका गड दिसत होता, आणि साताऱ्याच्या माणसाला गड दिसला की त्याचे पाय शिवशिवतात. मी मारुतीला म्हणालो, ‘चल, गड बघून येऊ. का दाजींबरोबर तूही म्हातारा झालास?’ तो येसूकडं बघायला लागला. ‘दाजी, जाऊ?’ येसू पडल्या पडल्याच म्हणाला, ‘आज नगं. उद्या लॉरी हाय न्हवं?’ तेवढ्यावर मी तोंड मिटायचं. पण माझी जीभ कुठली गप्प बसते! ‘अरे, जन्मात एकदा माणूस इथं येतो. तुला बसायचं तर बस, त्याला का डांबून ठेवतोस?’ तेव्हा येसू उठून बसला आणि त्यानं माझ्याकडं नीट बघितलं. ‘तुमी हायसा न्हवं संगं? मग जाऊ द्या.’

गडाच्या वाटेवर दोन्ही अंगांना पांढरी फीत बांधली होती. फितीच्या आतून चालायचं, बाहेर सुरुंग असतील, हे आम्हां सगळ्यांना पाठ होतं, मारुतीलाही. अर्ध्या वाटेवर एक मोडकी कमान लागली, तिच्यावर कोरलेली अक्षरं होती. मी ती वाचत उभा राहिलो... भाषा येत नव्हती तरी वाचत होतो, शहाणा ना मी! वाटेपासून वीसेक पावलांवर एका पडक्या घराशी आड होता. माणचा माणूस कुठंही जावो, आड दिसला की वाकून बघितल्याशिवाय पुढं जात नाही. पाणी किती खोल आहे बघायचं, खडा टाकून आवाज ऐकायचा, मगच वाट धरायची. हे मला चांगलं ठाऊक होतं. ‘मास्तर, पानी किती हाय बगून आलो,’ असं मागून ऐकू आलं आणि मी ‘हं’ म्हणालो. मान वळवली नाही, नुसतं ‘हं’ म्हणालो... पळून गेलेल्या शत्रूनं आडाभोवतीच सुरुंग पेरले होते, कारण तहानेलेला माणूस तिथंच येणार. पुढचं मी लिहीत नाही. त्याच्यावर पांघरायला माझा एक कोट पुरला.

परत आलो तेव्हा येसू हौदाकाठीच होता. आमच्यासाठी दोन मग चहा घेऊन त्यानं वर पुठ्ठा झाकून ठेवला होता. त्यानं माझ्या अंगावरचं रक्त बघितलं, माझ्या मागं वाटेकडं बघितलं. मला आईवरून शिव्या घातल्या असत्या, कानफटात मारली असती, तर बरं झालं असतं. तो पुन्हा पाण्याकडं बघत बसला. उरलेले दोन दिवस तिथून उठला नाही.

निघायच्या आदल्या दिवशी म्हणाला, ‘घरला पत्र लिव्हा.’ ‘काय लिहू?’ ‘तुमीच लिव्हा.’ मी लिहायला बसलो, पण डोळ्यांसमोर ती कमान. हात काय लिहितोय याचं मला भान नव्हतं. ‘मारुतीस गड बघावयास मी नेले. नको म्हणत असताही मीच नेले. मी पाठ फिरविली. सर्वस्वी चूक माझी आहे.’ लिहिलेलं वाचून दाखवायचं असतं, म्हणून वाचलं. ‘मी नेले’ म्हटल्यावर येसूनं मान वर केली. काहीतरी बोलणार असं वाटलं... पण त्यानं नुसता अंगठा पुढं केला. मी समजलो, यानं आपल्याला क्षमा केली. नमस्काराची माझी ओळ मात्र त्या पत्राखाली मला घालवली नाही. कुठल्या तोंडानं घालणार?

लढाई संपली, मला सांगलीला शाळेत नोकरी लागली. वर्षातून एकदा येसूकडं जाऊ लागलो. पहिल्या खेपेला हौसावहिनींसमोर उभं राहायचा धीर होत नव्हता. पण त्यांनी मला पाट दिला, भाकरीवर दही वाढलं आणि डोळ्यांना पदर लावून म्हणाल्या, ‘भावजी, माज्या मारुतीच्या तोंडात शेवटचं पानी तुमी घातलंसा म्हणं.’ पाणी घालायला वेळ मिळालाच नव्हता. बहिणीच्या समाधानासाठी येसूनं ते रचलं असणार, हे ओळखून मी मान हलवली. केवढ्या मनाची बाई, असं मला वाटलं. येसूशी मात्र त्या बोलत नसत. काही सांगायचं तर पोरीकरवी. गावातले लोकही त्याला टाळून असत, पारावर तो बसला की एकेक उठून जाई. मी एकदा थट्टेवारी विचारलं, ‘काय रे, वहिनी रुसल्या काय?’ तर ‘चालायचंच, मास्तर’ म्हणाला आणि खुरपं घेऊन रानात गेला. मला शंका यायला हवी होती. आली नाही, कारण माझं बरं चाललं होतं.

कार्ड मिळाल्यावर रजा काढून निघालो. विट्यापर्यंत मोटार, पुढं मिळेल ती बैलगाडी. पोचलो तोवर तेरावाही उरकला होता. हौसावहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या, डोळे कोरडे. मला बघून उठल्या, पत्र्याच्या पेटीतून एक घडी घातलेला कागद काढला. ‘भावजी, तवा गुरुजींनी वाचलं, पर निम्मं माज्या कानात शिरलंच न्हाई. आता दोगंबी गेलं. एकदा सगळं वाचून दावा.’ मी घडी उलगडली. माझंच अक्षर. पत्र येसूच्या नावानं, खाली अंगठा येसूचा, लिहिणाराची ओळ नाही. ‘मारुतीस गड बघावयास मी नेले...’ ती ओळ मी दोनदा वाचली. वर्गात पोरांना वाक्यातला कर्ता ओळखायला लावतो, चुकला तर उभा करतो, आणि माझ्याच वाक्यातला कर्ता मला चार वर्षं ओळखता आला नव्हता! त्या ‘मी’वर सगळ्या गावानं येसूला गुन्हेगार ठरवलं होतं. बायकोनं ठरवलं होतं. आणि त्यानं मान वर करून जे गिळलं ते शेवटपर्यंत गिळलं. वर मारुतीला पाणी पाजल्याचं पुण्य माझ्या पदरात टाकलं, म्हणजे त्या घरात मला भाकरी मिळत राहावी.

खोटं कशाला सांगू, एकदा मनात आलं की वाचावं, घडी घालावी आणि गाडी चुकेल म्हणून उठावं. आता कोण विचारणार? पण त्या माझ्या तोंडाकडं बघत होत्या. म्हणालो, ‘वहिनी, ह्या पत्रातला मी म्हणजे मी. येसू नव्हे. मारुतीला मी नेला.’ त्यांना कळेना. मी पुन्हा सांगितलं, मग तिसऱ्यांदा सांगितलं. ‘मग त्ये कुटं हुतं?’ त्यांनी विचारलं. ‘हौदाकाठी बसला होता. तो नको म्हणत होता, मीच ऐकलं नाही.’ मला वाटलं, आता तळतळाट देतील, घराबाहेर काढतील. मी त्यालाच तयार होतो. पण त्या कागदाकडं बघत हळू म्हणाल्या, ‘मग चार वर्सं म्या कुनावर अबोला धरला, भावजी?’

म्हणून हा लेख. तो ज्या वर्तमानपत्राच्या पुरवणीत छापून येतोय, ती त्या गावात गुरुजींकडं जाते. गुरुजी, हा पारावर मोठ्यानं वाचा. मारुतीला मी नेला. येसू निर्दोष होता आणि तुम्ही सगळे त्याला बघून उठून जात होता.

त्या दिवशी वहिनींनी मला जेवल्याशिवाय सोडलं नाही. चूल पेटवता पेटवता स्वतःशीच बोलावं तसं सांगत होत्या. अंगणात लिंबाखाली एक सपाट धोंडा आहे, येसूची जेवायची जागा ती. बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत, ‘आवं’ हीच काय ती हाक. तीसुद्धा त्यांनी टाकली होती. भाकरी झाली की ताट धोंड्यावर ठेवायच्या आणि पाठ फिरवायच्या. तो रानातून यायचा, गार झालेलं मुकाट्यानं खायचा, ताट घासून दारात आणून ठेवायचा... मी ओसरीवर खाली मान घालून बसलो होतो. वहिनी भरलेलं ताट घेऊन दारात आल्या. ‘आवं,’ म्हणाल्या. मला वाटलं, मलाच हाक मारली. ‘ओ’ म्हणून मी उठलो. त्यांनी माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. लिंबाखालच्या धोंड्याकडं तोंड करून त्या पुन्हा म्हणाल्या, ‘आवं... या की जेवायला.’