पुलाला कमानी आहेत का?

परवा बंगलोरला एका नव्या हॉटेलात भिंतीवर फ्रेमा लावत होतो. खोक्यातून एक चित्र काढलं... चार रेघा नुसत्या. वर एक आडवी, खाली तीन कमानी आणि निळा पट्टा, तोही मध्येच संपलेला.

चित्र काढणाऱ्या मॅडम तिथेच होत्या. मोडक्या हिंदीत विचारलं, हा कुठला पूल? म्हणाल्या, धुळ्याचा. एकदा त्यांची बस तिथे बंद पडली होती, तेव्हा नदीकाठी बसून बघितलेला.

मी म्हटलं, माझंच गाव. त्या एकदम खूश... मग सांग, कमानी बरोबर आल्यात ना? मी आठवणीने काढल्यात.

आणि मला सांगताच येईना. पांझरा नदीवरचा तो पूल मी सायकलवर रोज ओलांडायचो. पण पुलावरच्या माणसाला पूल दिसतो कुठे? कठडा दिसतो, पुढच्या रिक्षाचा धूर दिसतो... खाली उतरून कधी बघितलंच नव्हतं.

डोक्यात किडा वळवळायला लागला. जेवणाच्या सुट्टीत आईला फोन लावला. आप्पांना, म्हणजे वडिलांना, विचारायची सोय नव्हती... आयटीआय अर्धं टाकून, न सांगता इकडे आलो तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत.

"मले काय माहीत रे भाऊ," आई म्हणाली. मागून आप्पांचा आवाज आला, तिला, मला नाही. "त्याले इचार, तठलं बंगलोरचं काम बी सोडी दिनं का?"

काल दुपारी आप्पांच्या नंबरवरून फोटो आला. पहिल्यांदाच. खाली वाळू, दगड, त्यांची एक चप्पल... वर पुलाचा कडेचा तुकडा. आणि जिथे कमान असेल-नसेल, बरोब्बर तिथे आप्पांचा अंगठा.

गुडघ्यांमुळे देवळाच्या पायऱ्यासुद्धा न चढणारा माणूस नदीत उतरला होता.

फोन लावला. उचलला त्यांनी. मीच म्हटलं, "आप्पा, अंगठा मधी ई गया... कमान शे का नही?"

म्हणाले, "दिवाईले ये. खाले उतर आनि तूच देखी ले."

मॅडमना सांगितलंय, दिवाळीनंतर नक्की सांगतो. तिकीटही काढलंय...

धुळ्याच्या मित्रांनो, उत्तर माहीत असलं तरी कृपा करून कमेंटमध्ये टाकू नका.