गोळ्या सीझनपुरत्या बंद

पेणला आमच्या कारखान्यात गणपतीचे डोळे सगळ्यांत शेवटी होतात. आधी मूर्ती साच्यातून निघते, वाळते, घासली जाते. मग अंगाचा रंग, पितांबर, दागिने. आणि हे सर्व झाल्यावर बारीक कुंचल्याने डोळ्यांची आखणी. आखणीचा हात कारखान्यात एखाददुसराच असतो. दुसरे कोणी आजारी पडले तर काम अडखळत का होईना, पुढे सरकते; आखणीवाला घरी बसला की तयार मूर्ती रांगेने आंधळ्या उभ्या राहतात. माझ्या पुतणीचे दुखणे याच कामाच्या धांदलीत आम्हांला आधी दिसले नाही. दिसल्यानंतरही आम्ही काय केले, ते पुढे लिहिते.

मी रोह्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवत असे. सकाळच्या गाडीने जायचे, संध्याकाळच्या गाडीने परतायचे. कारखाना माझे यजमान आणि धाकटे दीर यांचा. यजमान गेल्यावर दीर तो चालवू लागले, वाटा माझाही राहिला. खाली कारखाना, मागे दीर-जावेचे बिऱ्हाड, वर माझ्या दोन खोल्या. मला मूल नाही. दिरांची एकुलती एक मुलगी माझ्याकडेच अभ्यासाला बसायची.

तिचा हात उपजत स्थिर होता. नववीत असताना जुना आखणीवाला गावी निघून गेला आणि ते काम तिच्याकडे आले. त्या ज्येष्ठ-आषाढात ती दिवसाला चाळीस मूर्तींचे डोळे काढू लागली. झोप दोन-तीन तासांची. सकाळी मी गाडीसाठी निघे तेव्हा ती न्हाऊन, केस विंचरून कुंचले धूत बसलेली असे. बोलणे तर इतके वेगाने, की एक वाक्य संपण्याआधी तिसरे सुरू.

रंगकाम करणारा म्हातारा कारागीर तिला म्हणायचा, "जरा दम खा गो. गणपतीला एवढे मोठे कान हायेत, दुखतील त्याचे."

"दुखू दे. मी त्याला तिसरा कान काढून देईन!" ती हसायची, आणि हसणे थांबवणे तिला जमायचे नाही.

मूर्ती ठरवायला आलेल्या एका गिऱ्हाइकाला तिने तोंडावर सांगितले की तुमचे नाक मूषकासारखे आहे. शेजारच्या मुस्लिम कुटुंबातला मुलगा आखातात एका कंपनीत आहे. त्याला फोन करून पुढच्या वर्षी तिकडे हजार मूर्ती पाठवते, जागा बघून ठेव, असे बजावले. आईने जेवायला हाक मारली तर रंगाची वाटी भिंतीवर भिरकावली. आम्ही म्हणालो, सीझन आहे. त्या दिवसांत कारखान्यात सगळेच जागे असतात, सगळेच चिडतात, सगळेच मोठमोठ्या बाता मारतात. तिच्यात आणि आमच्यात फरक होता, पण तो बारीक होता. आम्हांला झोप हवी होती आणि मिळत नव्हती. तिला झोप नकोच होती, आणि तरीही ती थकत नव्हती. एवढे ओळखायला डॉक्टर लागत नाही. मुलांना निरीक्षण शिकवणाऱ्या मला तरी लागायला नको होता.

विसर्जनानंतर ती आडवी झाली. चौदा-चौदा तास झोप, केसांत गुंता, ताटातला भात तसाच. सीझननंतर सारे पेणच आडवे होते. आम्ही म्हणालो, थकवा उतरतोय. दिवाळीनंतर कधीतरी ती उठून शाळेत जाऊ लागली आणि विषय संपला.

पुढच्या वर्षी मात्र ती आषाढातच पडली. दहावीचे वर्ष, कारखान्यात साठ मूर्ती डोळ्यांवाचून उभ्या, मुंबईच्या मंडळांचे फोन रोज. जाऊ पायाशी बसून विनवायची, "ऊठ गो माझी बाय, निदान तोंड धू." दीर दारातून ओरडायचे, "महाराणी उठल्या का? का पालखी पाठवू?"

एका शनिवारी मी अर्ध्या दिवसाची शाळा करून दुपारी आले आणि ठरवले की हे मी सरळ करीन. अशी मुले मी वर्गात पुष्कळ सरळ केली होती. तिला हाताला धरून खाली नेले, स्टुलावर बसवले, कुंचला हातात दिला आणि घड्याळ काढून तिच्यापुढे ठेवले.

"एका डोळ्याला पाच मिनिटं. हलायचं नाही."

तिने डोळा काढला. रेघ थरथरली, बुबुळ खाली घसरले. दिरांनी फडक्याने तो पुसला आणि कारागिरांकडे वळून म्हणाले, "बघा रे, देवाला मोतीबिंदू झाला!" सगळे हसले. मीही हसले.

"काकू, मला कायच दिसत नाय गो," ती खाली मान घालून म्हणाली. "मी नसले तर बरं होईल ना?"

मी उत्तर दिले, ते शब्द मला अजून जसेच्या तसे आठवतात. "मरणाची भाषा करायला कष्ट पडत नाहीत. डोळा काढायला पडतात. काढ."

तिने आणखी चार डोळे काढले. चारही पुसले गेले.

तिसऱ्या दिवशी जाऊ तिची वही घेऊन धावत वर आली. शेवटच्या पानावर यादी होती: कोणता कुंचला कोणाला द्यायचा, सायकल कोणाला, कानातले कोणाला. माझे लक्ष आधी कुठे गेले असेल, तर अक्षर बारीक झाले आहे याकडे. मग पानाचा अर्थ कळला. मूल आपल्या वस्तू वाटून टाकू लागले की तासभरही थांबू नये, हे मी आता भेटेल त्या पालकाला सांगते. त्या दिवशी ते मला जावेच्या रडण्यावरून कळले.

तिला गाडीत घालून आम्ही वडखळवरून अलिबागच्या रस्त्याला लागलो. नाक्यावर गणपतींच्या टेम्पोंची रांग होती. दीर गाडीतून कोणाचा माल कुठे चालला ते सांगत होते. मनोविकारांच्या डॉक्टरीणबाईंनी मुलीशी एकटीशी बराच वेळ बोलून मग आम्हांला आत घेतले. त्यांनी विचारले, "याच्या अगदी उलट असं कधी झालं होतं का? झोप कमी, बोलणं फार, अंगात न मावणारा जोर?"

"नाय," दीर म्हणाले. "आनंदी पोरगी हाय आमची. मागल्या साली चाळीस-चाळीस मूर्ती करायची दिवसाला."

"आणि झोपायची किती?"

दिरांनी माझ्याकडे पाहिले. मी मागच्या वर्षीचे सारे क्रमाने सांगितले, आणि सांगता सांगता मला माझ्याच तोंडून ते प्रथम ऐकू आले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, या वयात आम्ही घाईने नाव देत नाही. पण दोन्ही टोकं दिसताहेत, आणि नुसतं उदासीचं औषध दिलं असतं तर दुसरं टोक उसळण्याचा धोका होता. घरात आणखी कोणाला असे होते का, असेही त्यांनी विचारले. दीर पुन्हा "नाय" म्हणाले. माझे सासरे दर पावसाळ्यात दोन महिने कोणाशी बोलत नसत, आणि लोक ते मौनव्रत समजून त्यांच्या पाया पडत. ते मी सांगायला हवे होते. सासऱ्यांची अब्रू म्हणून गप्प बसले.

गोळ्यांनी ती हळूहळू सावरली. दहावी झाली. पुढच्या सीझनला ती पुन्हा स्टुलावर बसली. दिवसाला बारा मूर्ती, स्वच्छ, बिनचूक. रात्री नऊला झोप. मला वाटले, प्रश्न सुटला.

दीर मोजत होते. एके सकाळी जिन्यात मला अडवून म्हणाले, "वहिनी, तुमी शिकलेल्या हाव म्हणून इचारतो. बाराच करते पोरगी. त्या साली चाळीस करायची. गोळ्या सीझनपुरत्या बंद ठेवल्या तर? गणपती गेले की परत चालू. मग पडून राहिली तरी चालेल, तवा कुठं काम असतंय?"

त्यांनी तिच्या आजाराचे वेळापत्रक कारखान्याच्या वेळापत्रकाला जोडून पाहिले होते, आणि ते नीट जुळत होते. हे क्रौर्य आहे, हे त्यांच्या ध्यानीही नव्हते. माझ्या होते. औषध मनाने कधीही थांबवायचे नाही, हे डॉक्टरीणबाईंनी मला दोनदा बजावले होते.

संध्याकाळी पुतणी वर आली. "काकू, बाबा गोळ्या बंद कर म्हणतात. तू सांग. तू सांगशील तसं करीन."

मी म्हणाले, "वडिलांच्या विचाराने काय ते कर."

वाटा माझाही होता, हे एक कारण. दुसरे सांगायला अधिक अवघड आहे: मला ती नववीतली, भराभर बोलणारी, झगमगती मुलगी पुन्हा पाहायची होती. ही बारा मूर्तींची, नऊला झोपणारी मुलगी मला मंद वाटत होती.

गोळ्या थांबल्या, आणि तीन आठवड्यांत ती पुन्हा त्या वरच्या टोकाला पोचली. साठ मूर्ती! लोक मोबाइलवर तिच्या हाताचे व्हिडिओ काढू लागले. दीर सगळ्यांना चहा पाजत होते. मग एका सकाळी तिला वाटले की भरायला काढलेल्या मालाचे सगळे डोळे खोटे आहेत, देव भलतीकडे बघताहेत. तिने तीन रांगांतल्या मूर्तींच्या डोळ्यांवर पांढरा रंग फासला. अडवायला गेलेल्या आईच्या तोंडात मारली. दिरांनी तिला फरफटत साच्यांच्या खोलीत नेले, बाहेरून कडी घातली आणि दुसऱ्या कारखान्यातून दोन आखणीवाले बोलावून घेतले.

मी रोह्याहून संध्याकाळच्या गाडीने आले तेव्हा ती आतून दार बडवत होती. माझी पावले तिने ओळखली असावीत.

"काकू! काकू, तू आलीस ना? काकू, कडी काढ!"

समोर टेम्पो उभा होता, माणसे मूर्ती चढवत होती. मी दिरांना विचारले, "माल वेळेत जाईल ना?"

"जाईल," ते म्हणाले.

टेम्पो गेल्यावर कडी निघाली. तिचे दोन्ही तळहात सोलले होते. ती तीन आठवडे इस्पितळात राहिली.

तिथून ती घरी आली नाही. माझी बहीण रोह्याला राहते. तिच्याकडे जाते, असे पुतणीने स्वतःच डॉक्टरीणबाईंना सांगितले. आता ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गोळ्या स्वतः आणते, स्वतः घेते. कुंचला हातात धरत नाही.

या वर्षी दिरांनी मला पुन्हा जिन्यात गाठले. आखणीला माणूस मिळत नाही. गोळ्या चालू ठेवून येऊ दे, बारा तर बारा, महिनाभर, तेवढा निरोप सांगा. मी निवृत्त झाले आहे, रोह्याला जायचे दुसरे काही कारण नव्हते. तरी मी गेले आणि निरोप सांगितला.

तिने तो शेवटपर्यंत ऐकून घेतला. मग चहा ठेवला.

"बाबांना सांग, नाय म्हणाली," ती म्हणाली. "आणि काकू, त्यांनी निरोप दिला याचं मला काय वाटत नाय. तू तो घेऊन आलीस."

मी काही बोलणार होते. तिने कप माझ्यापुढे सरकवला आणि भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिले.

"पी लवकर. तुझी गाडी चुकेल."