बघणाऱ्याचा वाटा

आमच्या गावात दोन गोष्टींवर कुणी वाद घालत नाही. एक गावदेवीचा कौल आणि दुसरी माझ्या सासऱ्यांची नजर. सासऱ्यांना मी मामा म्हणते. वय ऐंशीच्या पुढे, अंगावर मूठभर मांस नाही. तरुणपणी डोंगरात डुकराच्या, भेकराच्या शिकारीचे हाके निघायचे, तेव्हा मामांच्या हातात बंदूक कधीच नसायची. त्यांचं काम बघायचं. उंच खडकावर बसायचं, समोरच्या रानात काय हललं ते हेरायचं आणि शीळ घालून खालच्यांना सांगायचं. मांसाचे वाटे पडले की काळीज बंदूकवाल्याला नाही, ज्याने जनावर पहिलं बघितलं त्याला. ते बहुतेक वेळा मामांनाच मिळायचं.

पुढे शिकारीवर बंदी आली, हाके थांबले, आणि बरंच झालं ते. काळजाचा रिवाज मात्र आमच्या घरात राहिला. कोंबडी शिजली की काळीज मामांच्या ताटात. माझी पोरं कुरकुरायची. मी एकदा म्हटलंच, "मामा, ही कोंबडी काय डोंगरावरून हेरलीत?"

"तुज्या परड्यात फिरत व्हती, तवा पहिली मीच बघितली," मामा म्हणाले. घ्या! आता बोला काय बोलायचं ते.

मी मूळची शहापूरची, लग्न होऊन मुरबाडच्या ह्या डोंगरकडेच्या गावात आले. नवरा आसनगावच्या बाजूला गोदामात कामाला, आठवड्याने घरी येतो. मी पाखरं बघायला येणाऱ्या पाहुण्यांना डोंगरात नेते, जेवूखाऊ घालते. पाखरांची नावं मी पुस्तकातून शिकले, पण बघायचं कसं ते मामांकडून. मामा रोज आमच्यापुढे कड्याच्या पायवाटेने चालायचे. दरीपलीकडच्या कड्याकडे बोट करून म्हणायचे, "त्या सुळक्याच्या खाली बगा, पांढऱ्या डागाजवळ." पाहुणे दुर्बिणी लावायचे आणि ससाणा तिथे असायचाच. शहरातली माणसं तोंडात बोटं घालायची. मामा मिशीतल्या मिशीत हसायचे आणि बिडी शोधायला लागायचे. ह्या वयातही त्यांना गावात मान होता तो त्या नजरेमुळे, आणि जगण्यात रामही तिच्यामुळेच होता.

पण दरी रुंद. साध्या दुर्बिणीतून ससाणा नाचणीच्या दाण्याएवढा दिसायचा. "स्कोप नाही का तुमच्याकडे?" पाहुणे विचारायचे. स्कोप म्हणजे तीन पायांच्या तिकाटण्यावर बसवायची, एका डोळ्याने बघायची मोठी दुर्बीण. एका पाहुण्या बाईंनी त्यांच्या स्कोपातून मला बघू दिलं आणि मी वेडीच झाले. ससाण्याच्या छातीवरच्या रेघा दिसत होत्या हो! तेव्हाच ठरवलं, घ्यायचा तर असाच घ्यायचा. त्या बाईंनी समजावलं होतं, आकड्याला भुलू नका. जितकं मोठं करून दाखवेल तितकं चित्र हलतं, उन्हात थरथरतं. काच चांगली हवी, पावसात आत वाफ धरायला नको, आणि डोंगर चढून नेता येईल इतकाच जड हवा. आमच्यासारख्यांना ही वस्तू पुन्हापुन्हा घेता येणार नव्हती. चुकले असते तर चुकलेलीच काच जन्मभर गळ्यात.

मामांना सांगितलं तर म्हणाले, "काच मी बगणार. आनि जायचं तर सांजचं जायाचं. दुपारच्या उनात कुठलीबी काच चांगलीच. कातरवेळेला जी दावील ती खरी. जनावर तवाच भायेर पडतं."

मला ते पटलं. न पटून सांगते कुणाला? मामांचा हेका म्हणजे हेका. त्यात त्या वर्षी त्यांचं काहीतरी भलतंच सुरू झालं होतं. मी गॅसवर भाकरी भाजत असले तरी ओसरीवरून ओरडायचे, "किती धूर केलाय गो!" मी तशी तापटच. "मामा, चूल मोडून किती वर्षं झाली, कुठला धूर?" म्हणून मी पण ओरडायची. लख्ख दुपारी म्हणायचे, आज धुकं लय पडलंय. म्हाताऱ्या माणसाचं लहरी बोलणं, म्हणून मी सोडून द्यायची.

कल्याणला एका कॅमेऱ्यांच्या दुकानात तीन स्कोप मागवून ठेवले होते. एसटीने गेलो. दुकानदार भला माणूस, आम्हाला गच्चीवर घेऊन गेला. सूर्य कलला होता. लांब एका मोबाइलच्या टॉवरवर घार बसली होती, तिच्यावर त्याने पहिला स्कोप लावला. त्याची डोळा लावायची नळी वर वळलेली होती, म्हणजे बघताना मान खाली घालावी लागायची. मामा भडकले. "खाली मान घालून डोंगर बगायचा? हा काय हिरीत डोकवायचा धंदा हाये?" दुकानदाराने समजावलं, उंच-बुटकी सगळी माणसं एकाच उंचीवर लावलेल्या स्कोपातून बघू शकतात. मामांनी नाखुशीनेच उजवा डोळा लावला. बराच वेळ लावला. मग मान हलवली.

"धुरकट हाये."

दुसरा लावला. सरळ नळीचा, तिन्हींत भारी. मामांनी त्यातही डोळा घातला, बाजूची चकती इकडे फिरवली, तिकडे फिरवली. "हा पन धुरकट. काचंत धूर हाये."

माझं डोकं फिरलं. मामांनी काच धुरकट म्हटली म्हणजे धुरकट, ह्यात मला तीळभर शंका नव्हती. मी दुकानदाराला धरलं. "काय हो भाऊ, खेड्यातली माणसं म्हणून पडून राहिलेला माल दाखवता काय? आमच्या मामांची नजर काय आहे ठाऊक आहे का तुम्हाला?" आणि अजून बरंच काही. तो बिचारा गोरामोरा झाला. म्हणाला, "ताई, तुम्ही स्वतः एकदा बघा तरी."

मी तावातावाने डोळा लावला.

घारीची चोच दिसली. चोचीखालचं फुगलेलं पीस दिसलं. वाऱ्याने ते उलटं होत होतं तेही दिसलं. काच नुसती झऱ्याच्या पाण्यासारखी होती.

गॅसवरचा धूर, लख्ख दुपारचं धुकं, सगळं एकदम माझ्या पुढ्यात आलं. हा माणूस रोज कड्याच्या वाटेने माझ्यापुढे चालत होता! आणि तो ससाणा? सुळका कुठे आहे आणि पाखरू कुठे बसतं ते त्यांना पाठ होतं, म्हणून बोट बरोबर जायचं. मी डोळा काढला. मामा माझ्याकडे तोंड करून उभे होते, वाट बघत.

"हो, धुरकट आहे," मी म्हणाले. "तिसरा दाखवा."

तिसराही धुरकट निघाला. मामांना घेऊन मी खाली उतरले, समोरच्या एसटी स्टँडवर बाकड्यावर बसवलं, चहा हातात दिला. म्हटलं, "बसा, आलेच." आणि तशीच धावत वर गेले, दुकानदाराची हात जोडून माफी मागितली आणि पहिला, वळल्या नळीचा स्कोप घेतला. पाहुण्यांत बारकी पोरंही असतात, त्यांना बघता यायला हवं. मामा काय, चार दिवस हिरीत डोकवायचं म्हणून हिणवतील आणि गप होतील, असं मनाशी म्हटलं आणि जिन्यातच मला रडू फुटलं.

खाली येऊन खोकं त्यांच्या पायाशी ठेवलं. "मामा, कधीपासून?"

मामांनी चहाचा पेला बाकड्यावर ठेवला. "दोन पावसाळं झालं."

"मग सांगितलं का नाही?"

"काय सांगू? आंधळ्याला कोन इचारतंय डोंगरात?" मग खोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मला वाटलं, भारी काच असंल तर तिच्यातून दिसंल. पन नाय गो. तिच्यातून पन नाय."

मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ, मोतीबिंदू असेल, आजकाल पटकन होतं. तर उसळलेच. त्यांच्या बरोबरीच्या एका दोस्ताचा डोळा पूर्वी कधी ऑपरेशनमध्ये गेला होता. "हाये तेवढा उजेड पन घालवू काय? नाव काडू नको." एसटीत माझ्याकडे पाठ करून बसले.

रविवारी सकाळी पाहुणे नव्हते. स्कोप पाठीवर टाकला आणि मामांचा हात धरला. त्यांनी झटकला, मी पुन्हा धरला. कड्यापासून लांब एका खडकावर त्यांना बसवलं, स्कोप उभा केला.

"सुळक्याखाली लाव," मामा म्हणाले. "पांढऱ्या डागाजवळ असंल बसल्याला."

लावला. डाग दिसला, खडकाच्या भेगाही दिसल्या. ससाणा नव्हता. मी स्कोप हळूहळू फिरवला, तर हा पठ्ठ्या सुळक्यापासून बराच अलीकडे, वाळक्या झाडावर बसलेला. फांदी शिटलेली होती, म्हणजे आजचा नव्हे, दोन-चार दिवसांचा मुक्काम.

"हाये का?" मामांनी विचारलं.

हो म्हणणं काय कठीण होतं? गच्चीवर खोटं बोललेच होते. पण इथे जीभ उचलेना. उद्या हे पाहुण्यांना बोट दाखवतील आणि तिथे काही नसेल, मग माणसं हसतील. ते मला सहन झालं नसतं.

"नाही मामा. त्याने जागा बदललीय. अलीकडे वाळक्या झाडावर बसतो आता."

मामा डोळ्यांवर हाताचा आडोसा करून दरीकडे बघत राहिले. मला इतकं वाईट वाटलं की स्कोप दरीत टाकावासा वाटला.

नवरा घरी आला होता म्हणून दुपारी कोंबडी केली होती. सगळे जेवायला बसलो. नेहमीसारखं काळीज मामांच्या ताटात वाढलं. मामांनी बोटांनी चाचपून ते शोधलं, उचललं आणि शेजारी माझ्या ताटात ठेवलं. पोरं बघतच राहिली.

"अहो मामा, हे काय?"

"घरात येवढी मानसं," मामा म्हणाले. "माज्या डोळ्याचं पहिलं कुनी बघितलं?"

नवऱ्याचा घास हातातच राहिला. त्याला यातलं काही ठाऊक नव्हतं.

"तूच ना? मग तुजा वाटा. खा गप. आनि डाक्टरकडं उद्याच जाऊ, सकाळच्या गाडीनं."

मला काळीज मुळीच आवडत नाही. त्या वासाने मळमळतं. त्या दिवशी मी ते सगळं खाल्लं.