अण्णांच्या ओळी, दुसऱ्याच्या फोटोखाली

नववीत शाळा सुटली. परभणीकडचं गाव सोडून पनवेलला आलो तेव्हा मला कॉम्प्युटर चालूसुद्धा करता येत नव्हता. शेठनी आपल्या फ्लेक्सच्या दुकानात उभं केलं, फोटो कापायला शिकवलं, आणि मी कविता करतो हे कळल्यावर श्रद्धांजलीच्या चारोळ्या माझ्याकडेच दिल्या. ते उपकार मी विसरत नाही. काम जाईल ही भीतीही विसरत नाही.

इथं माणूस गेला की लगेच नाक्यावर बॅनर लागतो, बाराव्यापर्यंत राहतो. आठवड्याला चार-पाच जणांना मी ‘अमर’ करतो. दरवेळी नवं कुठून सुचणार? दहा-बारा चारोळ्या साठवलेल्या, त्यातलीच एक लावायची. या उन्हाळ्यात जवळच्या सुकापुरातले दोन म्हातारे पाठोपाठ गेले, आणि शेजारी शेजारी लागलेल्या दोन्ही बॅनरवर एकच चारोळी.

त्यातल्या एकाची मुलगी दुकानात आली.

“काय रे, दोघांना एकच कविता? जिते होते तवा एका बांधावर उभे रायले नाय कधी. आता तू त्यांची जोडी लावतोस?”

शेठ हसू दाबत म्हणाले, “बस ताई. आता दुसरी लिवतो तो.”

“दुसरी नाय, चांगली,” म्हणून ती समोरच बसली.

काही सुचेना. मोबाईलमध्ये एकच कविता होती जी गिऱ्हाइकासाठी नव्हती. माझ्या वडिलांवरची. अण्णा गेले तेव्हा मी वेळेत पोचलो नाही; गाडीत बसून लिहिलेली. गावात कुणाची गाय विताना अडली की अण्णांना बोलावणं यायचं, म्हणून ते चपला कायम बाहेर तोंड करून काढायचे. तीच टाईप केली.

उंबऱ्याशी चपलांची जागा रिकामीच ठेवलीय,
बाहेर तोंड करून काढायचात ना तुम्ही.
पाय धुवायला पाणी रोज भरून ठेवतो,
वाटेत असाल, असंच समजतो आम्ही.

तिनं दोनदा वाचली. “बाबा चपला घरात नेऊन ठेवायचा, चोरीला जातील म्हणून,” ती म्हणाली. “पन राहू दे. वाचून बरं वाटतं.”

माझं नवं काही लागलं की मी फोटो बहिणीला पाठवतो, ती आईला वाचून दाखवते. सवयीनं हाही पाठवला. आईचा फोन आला.

“हे तर तुझ्या अण्णांचं हाय.”

“माझ्याकडं आहेच की गं ती कविता.”

“असंल. पण चपला आता त्या माणसाच्या झाल्या. आपल्या माणसाला काय राहिलं रे?”

माणूस जातो, चार ओळी राहतात, असं मी धरून चाललो होतो. पण ओळी कुणाच्याही फोटोखाली बसतात. उद्या या परक्या गावात मी मेलो, तर साठवलेल्यातलीच एखादी माझ्याही फोटोखाली लावतील.

आई म्हणाली, “ते कापड तरी मागून आण.”

बारावं झाल्यावर सुकापूरला गेलो. बॅनर उतरवून त्यांनी परसात लाकडांवर पसरला होता, छापील बाजू खाली, वर चार विटा. मुलीनं चहा दिला. कविता सगळ्यांना आवडली म्हणाली. मागायचं अगदी ओठांवर आलं. पण तिच्या बाबांचा फोटो असलेलं कापड तिनं मला का द्यावं? चहा संपवून उठलो.

आई अजून फोनवर विचारते. मी म्हणतो, मागतो.