अक्कांचं मनगट

माझ्या हातचा घाटा बिघडत नाही, हे पाचोऱ्यातल्या आमच्या गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. ज्वारीचे बिबडे म्हणजे आमच्याकडचे पापड; ते करायचे तर पीठ शिजवलेल्या घाट्यात मीठ किती, पापडखार किती, पातेलं कधी उतरवायचं, हे मला विचारल्याशिवाय कोणी चूल पेटवत नाही. म्हणून समोरच्या अक्कांनी मुलीच्या लग्नाच्या बिबड्यांसाठी मला बोलावलं. मी गेले. चांगुलपणा म्हणून गेले नव्हते.

त्याच्या तीन महिने आधीची गोष्ट. माझी भाची भडगावकडच्या खेड्यातून कॉलेजसाठी माझ्याकडे राहते, वीस वर्षांची आहे. आमच्याच गल्लीत शिकवणी घेणाऱ्या सरांकडे ती भर दुपारी वही आणायला गेली आणि त्यानं तिच्यावर बलात्कार केला. मी तिला घेऊन ठाण्यात गेले, तक्रार दिली. त्या दिवसापासून गल्लीला वाचा फुटली. शेजारचे आबा एरवी माझ्याशी चार शब्द बोलत नाहीत, ते पोरींच्या जीन्सवर बोलायला लागले. पोरीकडे जीन्स एकच आहे आणि त्या दिवशी ती दोरीवर वाळत होती.

पण मला खरा राग आला तो अक्कांचा. अक्का त्या दुपारी आपल्या ओट्यावर गहू निवडत बसल्या होत्या, तिथून सरांचं गेट दिसतं. त्यांनी पोलिसांना सांगितलं की पोरगी गुपचूप बाहेर आली, गेटची कडीसुद्धा लावली आणि निघून गेली. मला तोंडावर म्हणाल्या, "वरडती ते माले आयकू येतं ना. देवमानूस शे तो." पण गेटमधून निघाल्यावर पोरगी त्यांच्याच पायरीवर येऊन बसली होती, त्यांनी पाणी दिलं आणि तिच्या हातात पेला ठरेना, हे त्यांनी सांगितलंच नाही. का, तर कोणी विचारलं नाही म्हणून! आमच्या वकीलबाई म्हणाल्या, हाच जबाब आपल्याला बुडवेल.

मीही काही धुतल्या तांदळाची नाही. पूर्वी टीव्हीवर धुळ्याकडची अशीच एक बातमी लागली होती, तेव्हा जेवता जेवता मी म्हणाले होते, "ओरडायला काय झालं होतं हिला?" भाची तेव्हा समोर बसून जेवत होती. तेव्हाच्या त्या मला आज थोबाडीत मारता आली असती, तर मारली असती.

तर बिबडे. अक्कांच्या गच्चीवर सकाळीच चूल मांडली होती. कपाशीच्या पऱ्हाट्या चांगल्या पेटल्या होत्या, घाटा रटरटत होता. बिबडे थापायला ओली लुगडी अंथरून, अक्का सोडून आम्ही बाराजणी. कोणीतरी विषय काढलाच, आणि अक्का ताट घेऊन घाटा न्यायला आल्या त्या तेच बोलत, "जी बाई खरी ऱ्हास, ती वरडस."

मी डाव्या हातानं त्यांचं मनगट धरलं. आवळून धरलं आणि पातेल्यावर आणलं. हात घाट्यात बुडणार नाही एवढी काळजी घेतली, पण वाफ लागेल एवढा तो खाली धरला. त्यांच्या डोळ्यांत बघत राहिले.

अक्कांचं तोंड उघडलं आणि तसंच उघडं राहिलं. ताट हातातून पडलं. हात ओढून घ्यायचंही त्यांना सुचलं नाही. बाकीच्या जिथल्या तिथे, कोणाचा हात लुगड्यावर, कोणाचा पाण्यात. कोणी उठलं नाही. मी मनातल्या मनात वीस आकडे मोजले. दहालाच सोडायला हवं होतं. पुढचे दहा मी माझ्या समाधानासाठी मोजले, आणि मला अजून त्याचा पस्तावा नाही.

मग विचारलं, "अक्का, तू काब वरडनी नही?"

त्या मटकन खाली बसल्या. मनगटावर माझी बोटं उमटली होती. म्हणाल्या, "माले वरडनं व्हतं. आवाजच निंघना नही."

"मंग हाईच सांग ठान्याम्हा," मी म्हणाले. मग घाटा बुडाला लागायला लागला म्हणून पातेलं उतरवलं. घाटा निवला की फुकट जातो, त्यामुळे मुकाट्यानं आम्ही सगळे बिबडे थापले.

दोन दिवसांनी अक्का ठाण्यात गेल्या. पुरवणी जबाबात पायरी आली, पाणी आलं, हातातून निसटणारा पेला आला, आणि पोरीला शब्द फुटत नव्हता हेही आलं. पेढे वाटायचेच बाकी होते.

वकीलबाईंना गच्चीवरचा प्रकार कळला तेव्हा त्यांनी मला फैलावर घेतलं. म्हणाल्या, "तुम्हाला कळतं का काय केलंत? साक्षीदाराला धमकावलं, असं समोरचा वकील म्हणेल. तो जबाब उडेल, वर तुमच्यावर केस होईल." पोरीची केस मीच घालवली की काय? घरी येऊन तिला सगळं सांगितलं, वीस आकड्यांसकट.

ती म्हणाली, "मावशी, असं परत करू नकोस. पण त्या वकिलानं काढू दे हा विषय. बाकीच्या अकराजणींनाही बोलवू दे साक्षीला. आणि एकेकीला विचारू दे, डोळ्यांदेखत चाललं होतं, तर तुम्ही का ओरडला नाहीत."