वाळूच्या डोंगरावरची वाट

आधी माझी बाजू ऐकून घ्या. माझ्या आजोबांनी छप्पन साली धर्म बदलला, तेव्हा देवांबरोबर भुतांनाही घरातून कायमची रजा दिली. वडिलांनी ती रजा चालू ठेवली. आणि मी तर सांगलीत विश्रामबागच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवायचो, म्हणजे रजेवर सही करणारा साहेबच म्हणा ना. दुसरी गोष्ट... मी खोड्या काढतो. सहकाऱ्यांच्या डब्यातली भाजी बदलण्यापासून पुढे बऱ्याच. हे आत्ताच कबूल करतो, कारण थोड्या वेळाने तुम्हालाही माझाच संशय येणार आहे.

नव्वदच्या दशकाचा मध्य, डिसेंबर महिना. आष्ट्याजवळच्या मळ्यात माझा शाळेपासूनचा दोस्त राहायचा – हिंदुराव. फौजेत हवालदार होता. ट्रक उलटून उजवा गुडघा गेला आणि तो पेन्शनीवर घरी आला. डॉक्टर म्हणाले होते, सायकल चालवा, पण उभा चढ नको. हिंदुरावने दोन वर्षं दोन्हीतलं काहीच केलं नाही. अंगणातल्या बाजेवर बसून रस्त्यावरचे उसाचे ट्रॅक्टर बघायचा, बस्स.

अशात मला कळलं की शिराळ्याच्या पश्चिमेला एका हौशी गृहस्थांनी जंगलात खास सायकलींसाठी वाटा काढल्या आहेत. गिअरच्या सायकली तिथेच भाड्याने मिळतात, कॉलेजची पोरं गर्दी करतात. मी पत्र टाकलं, उत्तरात हाताने काढलेला नकाशा आला. तो घेऊन मी थेट मळ्यावर.

हिंदुरावने नकाशा हुकूम वाचावा तसा वाचला. मग म्हणाला, "रेकी कुणी केलीया? आदी जाऊन मुलूख कुणी बघून आलंया?"

"अरे, सहलीला जायचंय, लढाईला नाही."

"रेकी न्हाई, तर मग सँड मॉडेल पायजे."

फौजेत मोहिमेआधी त्या मुलखाची वाळूत नक्कल करतात आणि सगळ्यांना समजावून सांगतात. न्हाणीघराच्या बांधकामासाठी आणलेली वाळू पत्र्याच्या शेडमध्ये पडलीच होती. दोन दिवस आम्ही डोंगर थापले. जंगलाला शेवग्याचा पाला, ओढ्याला कपड्यांची नीळ, सायकलच्या वाटेला रांगोळी. हिंदुराव गुडघा दुमडून जमिनीवर बसला होता! मंगलवहिनींनी ते दारातून बघितलं, आत गेल्या आणि चहाऐवजी शिरा घेऊन आल्या.

मग आली खिंड. नकाशात जंगलात शिरायला तेवढी एकच वाट, आणि ती सरळ छातीवर. वाळूवर वाट दाखवणारी हिंदुरावची काठी तिथे थांबली.

"हितं मला उतराय लागंल," तो म्हणाला. "कालिजातल्या पोरांम्होरं सायकल ढकलत जाऊ व्हय? मास्तर, तू जाऊन ये. आमी हाय हितंच."

काठी टाकली आणि परत बाजेवर. वहिनींनी शिऱ्याची ताटली उचलून नेली. मला वाटलं, गेला हा माणूस हातचा.

पुढच्या रविवारी मी मन वळवायला गेलो, तर मॉडेलवर एक रेघ होती. खिंडीच्या मागच्या बाजूने, अंगठ्याएवढी रुंद. ओढ्यापासून निघून तीन वळणं घेत आरामात माथ्यावर गेलेली. आम्ही काढलेली नव्हती.

"आलास का खोडी काढून," हिंदुराव बाजेवरून म्हणाला.

"मी आत्ता एसटीतून उतरतोय."

"आवं भावजी, कोंबडीनं उकरलं आसंल," वहिनी म्हणाल्या.

"वहिनी, कोंबडी अशी मोजून वळणं घेते?"

"तुमच्यापरीस कोंबडी बरी. उकरल्यावर वरडती तरी."

मी चिडलो. आयुष्यात पहिल्यांदा निर्दोष होतो आणि कुणी मानायला तयार नव्हतं. रेघ तळहाताने बुजवली. भोवती जमिनीवर वीतभर रुंद कोरडी रांगोळी पसरली, म्हणजे मुंगी आली तरी पाय उमटावा. मॉडेलवर ताडपत्री टाकली, चार कोपऱ्यांवर चार विटा. शेजारी खुर्ची टाकून जेवायला तिथेच बसलो. समोर बाजेवर हिंदुराव. भर दुपार, लख्ख ऊन. वारा नाही, कोंबड्या डालग्याखाली. दोन भाकरी, वांग्याची भाजी, वर ताक... ताडपत्री हललीसुद्धा नाही.

हात धुतले आणि ती उचलली.

रेघ होती. तीच तीन वळणं. या वेळी दुसऱ्या वळणावर हरभऱ्याएवढा एक खडाही होता. भोवतीच्या रांगोळीवर ओरखडा नाही. माझे धुतलेले हात पुसायचे राहून गेले.

"ताडपत्री टाकताना हात घातला असशील," हिंदुराव म्हणाला, पण आवाजात जोर नव्हता.

"तू बघत होतास ना?"

तो रेघेकडे बघत म्हणाला, "व्हय. बघत हुतो." मग बाजेखालची चप्पल ओढली. "रेकीचा रिपोर्ट आलाय म्हनायचा. खरा का खोटा, जाऊन बघाय पायजे."

गेलो. वाटा काढणाऱ्या त्या गृहस्थांनी, मी नकाशावर उतरवून आणलेली रेघ पाहून मान हलवली. "मागून वाट नाही हो. मी हा डोंगर पायाखाली घातलाय." तरीही आम्ही सायकली घेऊन ओढ्यापलीकडे गेलो. कारवीच्या रानात, पाल्याखाली दबलेली, कधीकाळी गुरांनी मळलेली एक वाट होती. चढ असा की कळूही नये. पहिलं वळण. दुसऱ्यावर म्हशीएवढा धोंडा. तिसरं वळण, आणि माथा.

हिंदुरावने एकदाही पाय टेकवला नाही. मी दोनदा टेकवला, ते त्याने मोजलं.

वर पोचल्यावर त्याने विचारलं, "ही वाट तुला कवापास्नं ठावं हुती?"

"शपथेवर सांगतो, मी इकडे कधीच आलो नव्हतो."

त्याने माझ्याकडे नीट बघितलं. "जन्मात पयल्यांदा खरं बोलतुयास, आन् त्येच खोटं वाटतंय गड्या." आणि हसत जंगलाच्या वाटेला लागला. मला थांब म्हणायलाही दम उरला नव्हता.

पुढे मी हे सहकाऱ्यांना सांगितलं. एक म्हणाला, वाळू घसरली. वाळू घसरते ती खाली, वळणं घेत वर नाही. दुसरा म्हणाला, उसाच्या ट्रॅक्टरचा हादरा. तिसऱ्याने नुसता माझ्याकडे बघून डोळा मारला. मला स्वतःला इतक्या वर्षांत काही सुचलेलं नाही. नापास विद्यार्थ्यासारखा कोरा पेपर देतोय.

पुरावा म्हणाल, तर त्यानंतरच्या रविवारी कॅमेरा घेऊन मळ्यावर गेलो होतो. शेडमध्ये गवंडी बसलेला, डोंगर-ओढा-जंगल सगळं सिमेंटमध्ये कालवून न्हाणीघराच्या भिंतीला लागलं होतं. मी कपाळाला हात लावला.

"वहिनी, अहो, हिंदुरावने तरी अडवायचं."

"ते कुठं हायत घरात," वहिनी म्हणाल्या. "शेजाऱ्याची सायकल घिऊन सकाळीच भायेर पडल्यात. कुठं जातो म्हनून काय सांगितलं न्हाई... आनि मी बी इचारलं न्हाई."

अंगणात बाज भिंतीला उभी करून ठेवली होती. मी तिचाच एक फोटो काढला.